कागद घेऊन सौंदडला

सौंदडला पर्यटक जात नाहीत. आम्हीही मुलगी पाहायला गेलो. मावसभाऊ दीपक अणुवीज केंद्रात तंत्रज्ञ आहे आणि 'अणू' ऐकून तीन स्थळं परत गेली होती. चौथं जाऊ नये म्हणून त्याने मला सोबत घेतलं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्यापासून कुणाला धोका वाटत नाही.

नागपूरहून गोंदिया, तिथून पॅसेंजर. तिकीट स्वस्त, बसायला जागा मिळते, वेळेचा आग्रह धरू नये. ऑक्टोबरात गेलात तर रुळांच्या दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं धान दिसेल. दीपकने पाहिलं नाही. तो पाठांतर करत होता: कोळसा जाळला की कार्बन हवेत जातो, अणूत जाळणंच नाही, म्हणून पृथ्वी कमी तापते.

मुलगी, सुजाता, शाळेत शिकवते. जेवायला भात आणि बेसनाच्या पाटोडीचा रस्सा. त्यासाठी तरी जाच. जेवण झाल्यावर तिचे मामा सरसावले. ते कोळशाच्या वीजकेंद्रात आहेत. दर दोन वाक्यांनी खोकतात.

"काऊन जी, तुमच्या अंगात थो अणू घुसत नाही का?"

दीपकने पृथ्वीपासून सुरुवात केली. वितळणारा बर्फ, चढणारा समुद्र. सौंदडहून समुद्र फार लांब आहे, हे मामांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने खिशातून कागद काढला. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, त्याची केंद्राने ठेवलेली नोंद.

"पाहा, मर्यादेच्या किती खाली आहे!"

"म्हणजे मोजा तं लागतेच ना," मामा म्हणाले. "आमच्याकडं कोनी मोजत नाही. धोकाच नाही, तं मोजाचं कायले?" आणि खोकले.

कागद खिशात परत गेला. सुजाता पहिल्यांदाच बोलली.

"धूर नाही, ठीक. मंग उरते ते कुठं ठेवता?"

दीपक म्हणाला, "तिथंच, बंद करून. हजारो वर्षं सांभाळावं लागेल. त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही."

मी मनातल्या मनात चौथं स्थळ खोडलं.

नागपूरला परतल्यावर आठवड्याने, दीपकची रजा संपायच्या आत, मी त्याच्या घरी असताना फोन आला. सुजाताच होती. त्याने स्पीकर लावला.

"मामा रुसून आहेत. रुसू द्या. तुमच्या समुद्राचं मले काही पटलं नाही. पण विचारलं तं खरं सांगितलं. तेवढ्यावर मी हो म्हणून राहिली."

फोन ठेवून दीपक माझ्याकडे वळला. "बघितलंस? शेवटी कार्बनचा मुद्दाच पटला."

मी दुरुस्त केलं नाही. त्या मुद्द्याला तसेही समर्थक कमी आहेत.