तीनदा विचारलेला आराखडा

कुपवाडच्या एका वर्कशॉपात बुद्धभूषण ड्रॉइंगं काढायचा. काम सुटलं की मालक रामगोंडा त्याला ऑफिसातला कॉम्प्युटर आणि फोनची लाइन वापरू द्यायचे. अठ्ठ्याण्णव साल होतं. देशोदेशीची माणसं मिळून लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर घडवत होती. कोड सगळ्यांना खुला, पगार कोणालाच नाही. त्यात नवं काय घ्यायचं, कसं रचायचं, याचे आराखडे ईमेलवर यायचे. ते बुद्धभूषण सांभाळायचा. नंबर द्यायचा, हरकती गोळा करायचा, भांडणं निवली की 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहायचा. हे काम दुसऱ्या कोणाला नकोच होतं.

मग त्यानं स्वतःचा आराखडा मांडला. पडद्यावर मराठी जोडाक्षरं तुटू नयेत, एवढंच त्याचं मागणं.

माणमधल्या त्याच्या वस्तीत विहाराची बैठक बसली की त्याचे वडील, आण्णा, ठराव तीनदा वाचत. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही की ठराव पास. भिक्षुसंघाची जुनी रीत. बुद्धभूषणनं आराखडा तीनदा पाठवला. कोणी बोललं नाही. त्यानं 'मंजूर' लिहिलं आणि वर्षभर संध्याकाळी बसून कोड लिहिला.

कोड पाठवल्यावर प्रकल्पाच्या प्रमुखाचं उत्तर आलं. हे ठरलं कधी? तुझा आराखडा कोणी वाचलेलाच नाही. कोड घेता येणार नाही. नोंद बदल.

"तुझं तूच पास केलंस व्हय?" रामगोंडा हसले. "लय शाना हाईस गड्या."

"सगळे गप होते, मालक."

"रविवारी माझं लेथ मशीनबी गपच असतंय की रं."

रविवारी तो गावी गेला. आराखडा अडल्याचं ऐकून आण्णांनी विचारलं, "न्हाई कोन म्हनलं?"

"कुनीच न्हाई."

"मग अडलं कुठं?"

"आवं, कुनी वाचलंच न्हाई."

आण्णा विहाराच्या पायरीवर बसले. "आपल्यात गप बसायलासुदिक आधी बैठकीला यावं लागतंय, बाबा."

सोमवारी त्यानं नोंद उघडली. 'मंजूर' खोडून 'नामंजूर' केलं. नामंजुरीचं कारण द्यावंच लागे; आजवर त्यानं ते प्रत्येकाकडून मागून घेतलं होतं. त्यानं कर्सर कारणाच्या जागी नेला. बाहेर रामगोंडा शटर ओढायला थांबले होते.

त्यानं लिहिलं: कोणाचीही हरकत नाही.