पेडगावच्या डोणीत शेवंड

समुद्रातलं जिवंत जनावर पेडगावात आणणारा पहिला माणूस मी. शेवटचाही मीच, आणि याबद्दल गावाला अजून समाधान वाटतं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा पूर्णेला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. आठवडाभर पूर्णेला राहायचं आणि रविवारी गाडीनं पेडगावला घरी यायचं, असा शिरस्ता. घरी आबा, माय, माझी बायको सुभद्रा, चाळीसेक मेंढरं आणि पाच-सात शेळ्या. खाण्याच्या बाबतीत आमच्या घराला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक म्हणजे जमिनीतून उगवतं ते, आणि दुसरं म्हणजे चार पायांवर चरतं ते. (कोंबडीला पाय दोनच, पण तिला आम्ही सवलत दिली होती.) गोदाकाठची माणसं झिंगे खातात एवढं ऐकून होतो. खाणारा माणूस मात्र प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता.

त्या हिवाळ्यात सुभद्रा बाळंत झाली. खेप दुसरी, त्यामुळं बाळंतपण आमच्याच घरी झालं. थोरलीला तेवढ्यापुरतं आजोळी पाठवलं होतं. मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. पण पंधरा दिवस उलटले तरी सुभद्रेच्या अंगात त्राण येईना आणि दूध पुरेना. पोर भुकेनं रडायची.

उपाय करायचे आम्ही बाकी ठेवले नव्हते. माय दर तासाला काहीतरी घेऊन बाजेशी उभीच. डिंकाचा लाडू झाला की बाजरीची पेज, पेज झाली की शेपूची भाजी. आबांचा विश्वास शेळीच्या पायांवर. पाये रात्रभर उकळून त्याचं पाणी ते स्वतः घेऊन यायचे आणि वाटी रिकामी होईपर्यंत दारातून हलायचे नाहीत. दुपारी गावातल्या बायका बाळंतीण बघायला यायच्या आणि आपापली बाळंतपणं पहिल्यापासून सांगायच्या. रविवारी मी आलो की बाजेला लागूनच पाट टाकून बसायचो. तिचा डोळा लागला की मला काळजी वाटायची. मग मी हळूच हलवून विचारायचो, "ताकद आली का गं?"

ती म्हणायची, "येईल."

मी हे गाऱ्हाणं पूर्णेला केळुसकरांपुढं मांडलं. केळुसकर मालवणकडचे. बदली होऊन आमच्या ऑफिसात आलेले, वयानं वडील, आणि मराठवाड्यात समुद्र नाही याचा त्यांना आमच्यावर व्यक्तिगत राग होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

"किसनराव, तिला शेवंड घाला."

शेवंड म्हणजे काय हे त्यांनी मला पुढचा अर्धा तास समजावलं. कोळंबीच्या कुळातलंच, पण अंगानं कैक पट दांडगं. लांब मिशा, वर टणक कवच, आत पांढरंशुभ्र मांस. चरबी नावाला, हाड एकही नाही, पचायला हलकं आणि ताकदीला असं की दुबळा माणूस आठ दिवसांत उठून बसतो. शिजवायलाही सोपं. उकळत्या पाण्यात मीठ घालायचं, जनावर सोडायचं, लाल झालं की उतरवायचं. दहा मिनिटांच्या वर एक मिनिट नाही, कारण जास्त शिजलं की मांस चिवट होतं. त्यांनी हे सगळं ऑफिसच्या कागदावर लिहून दिलं आणि "दहा मिनिटं"च्या खाली दोन रेघा मारल्या.

केळुसकरांच्या मेव्हण्याची मुंबईच्या बंदरावर ओळख होती आणि गाडीवर गार्ड आमचेच होते. पुढच्या रविवारी सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक करंडी पूर्णेला उतरली. आत चार शेवंड, चारही जिवंत! केळुसकरांनी झाकण उघडून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू माहेरचं माणूस भेटलं असावं. मी लगेच परभणीकडच्या गाडीत बसलो.

डब्यात गर्दी होती. करंडी मी मांडीवर घेतली. परभणीच्या अलीकडे शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, आत काय वाजायलंय? मी म्हटलं, मुंबईचा माल आहे. तेवढ्यात फटीतून एक वीतभर मिशी बाहेर आली आणि तिनं म्हाताऱ्याच्या गालाची चौकशी केली. त्यानंतर पेडगावपर्यंत आख्खं बाकडं मला एकट्याला मिळालं. इतका ऐसपैस प्रवास मी पुन्हा कधी केला नाही.

घरी आलो आणि करंडी अंगणात उतरवली. मायनं एकदाच डोकावून पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि सांगितलं की हा विंचवाचा आजा माझ्या चुलीवर चढणार नाही. मी म्हटलं, बाहेर तीन दगड मांडतो आणि मीच शिजवतो. सुभद्रेची ताकद आता दहा मिनिटांच्या अंतरावर होती. मी कागद काढला, पाणी ठेवलं आणि पहिलं शेवंड उचलणार, तोच आबा आले.

आबांची सवय अशी की जनावर कोणतंही असो, दारात आलं की ते त्याला उलटं करून पाहणार. बाजारात मेंढी घेताना ते जसं पोट चाचपायचे, तसंच त्यांनी शेवंड पाठीला धरून उताणं केलं. ते जरा वेळ बघत राहिले. मग दुसरं उचललं, मग तिसरं, मग चौथं. मग धोतराला हात पुसले.

"ही तीन गाभण हायत."

मी वाकून पाहिलं. तिघींच्या शेपटीखाली नारिंगी मण्यांचे घोस चिकटलेले होते. केळुसकरांनी सगळं सांगितलं होतं, हे सांगितलं नव्हतं.

"आबा, ती अंडी आहेत. मासळीला असतातच."

"अंडी असू दे, न्हाईतर कोकरं असू दे. गाभण जनावर आपल्या घरात कापत न्हाईत." आबांचा आवाज चढला नव्हता. तो कधी चढतच नसे, त्यामुळं त्यावर अपील करायची सोय नव्हती. "अन् घरात वली बाळंतीण असताना तर न्हाईच न्हाई."

या शेवटच्या वाक्यानं माय त्यांच्या बाजूला गेली. आत्तापर्यंत जो विंचवाचा आजा होता, त्याच्याकडे ती आता लेकीसारखी बघायला लागली. "अवघडलेल्या दिसायल्यात बिचाऱ्या," ती म्हणाली. "आगगाडीत हिसके बसले असतील."

मग आमच्या घरानं त्या तिघींचं जे काही केलं, ते मी आजही कोकणातल्या माणसाला सांगत नाही. विहिरीजवळ मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. आबांनी ती घासून घेतली, ताज्या पाण्यानं भरली आणि तिघींना आत सोडलं. मग मला विचारलं, समुद्राचं पाणी कसं असतं? मी म्हटलं, खारट. मेंढरांना चाटायला घरात खड्याचं मीठ नेहमीच असायचं. आबांनी त्यातलं ओंजळ ओंजळ डोणीत टाकलं. मध्येच ते मला बोट बुडवून चव घ्यायला लावत आणि विचारत, "आलं का समुद्रागत?" आमच्या घरातला शिकलेला माणूस मी, समुद्र मी नकाशात पाहिलेला. पाचव्या ओंजळीला मी "आलं" म्हणून सांगितलं.

मायनं बाजरीची पेज गार करून आणली. तिघींनी ती घेतली नाही. मायनं तासाभरानं पुन्हा आणली. एव्हाना बाळंतीण बघायला निघालेल्या बायका अर्ध्या वाटेतच वळून डोणीभोवती जमल्या होत्या. कुणाच्या मते तिघींना थंडी वाजत होती, कुणाच्या मते दिवस भरत आले होते. एकीनं आपल्या पहिल्या बाळंतपणाची हकिगत शेवंडांना सुरुवातीपासून सांगितली.

आता उरलं चौथं. त्याच्या पोटाखाली काही नव्हतं, तेव्हा आबांची हरकत नव्हती. मी ते कागदाबरहुकूम उकळत्या पाण्यात सोडलं. सात-आठ मिनिटांत ते लालभडक झालं आणि मला इतका आनंद झाला की मी मायला हाक मारली. तिथंच चुकलो.

माय पातेल्यात बघतच राहिली. "तिखट किती टाकलंस?"

मी म्हटलं, मीठ सोडून काहीच नाही. ते आपोआप लाल होतं.

"किसना, सत्तावीस वर्सं मी तुला बघायले. काळं जनावर तिखटाबिगर लाल व्हतंय व्हय? वल्या बाळंतिनीला हे देनार व्हतास?"

मी तिला कागद वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तिला तो खोटा वाटला. तिनं पातेल्यातलं पाणी ओतून दिलं आणि दुसरं पाणी घातलं, तिखट निघून जावं म्हणून. रंग तसाच. तिसरं पाणी झालं. मग आबा आले आणि त्यांनी कवच अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"हाड कच्चं हाय अजून," ते म्हणाले.

मी सांगितलं की ते हाड नाही, साल आहे, आणि ती मऊ होत नसते. आबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. जन्मभर त्यांनी मटण हाडावरून पारखलेलं. मांसानं हाड सोडलं की शिजलं, नाहीतर आणखी लाकूड सारायचं. त्यांनी लाकूड सारलं. दहा मिनिटांचं शेवंड आमच्याकडे दुपारभर उकळलं. कवच काही मऊ झालं नाही.

शेवटी ते फोडून मीच खायला घेतलं, कारण तिखटाच्या संशयावरून ते बाळंतिणीपर्यंत जाणार नव्हतं, आणि बाकी कुणी हात लावायला तयार नव्हतं. पहिला घास मी बराच वेळ चावला. गिळता येईना आणि सगळे बघत असल्यानं थुंकताही येईना. आबांनी विचारलं, कसं लागतंय? मी मान डोलावली. तोंड मोकळं नव्हतं.

एवढ्यात दिवस कलला आणि मेंढरं घरी आली.

मेंढराला मिठाचा वास किती लांबून येतो हे मला ठाऊक नव्हतं, आबांना ठाऊक होतं, पण ते माझ्या जबड्याकडे बघत होते. आख्खा कळप डोणीला भिडला. आम्ही "हाड्, हाड्" करत पोचेपर्यंत चाळीस मेंढरांनी आबांचा समुद्र तळापर्यंत पिऊन टाकला होता. कोरड्या दगडावर तिघी निपचित पडलेल्या, आणि एक कोकरू एकीची मिशी चाटत होतं.

आबांनी कुदळ आणली आणि बांधाकडेला खड्डा घेतला. माती लोटताना एवढंच म्हणाले, "ज्याचं पाणी आपल्यापाशी न्हाई, ते जनावर दारात आणू नये, किसना." मला खरंच वाईट वाटलं. तिघींचं वाटलं, आबांचं वाटलं, आणि सगळ्यात जास्त सुभद्रेचं. सकाळी ताकद आणतो म्हणून निघालेला नवरा संध्याकाळी रिकाम्या हातानं तिच्यापुढं उभा राहणार होता.

आत गेलो तर सुभद्रा उठून बसलेली. पोर अंगावर पीत होती. रडत नव्हती. पिता पिताच तिचे डोळे मिटले आणि ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. पंधरा-वीस दिवसांत असं झालं नव्हतं.

"काय खाल्लंस गं?" मी विचारलं.

"भाकर. दुधात कुस्करून. दोनदा खाल्ली, भूक लागली म्हणून." तिनं पोरीचं तोंड पुसलं. "अन् झोपले. बाकी सकाळपासून दिवस मावळूपर्यंत झोपलेच. आज कुणी उठवायलाच आलं न्हाई."

सोमवारी केळुसकरांनी मी दारात दिसताच विचारलं, गुण आला का? मी म्हटलं, एका दिवसात आला. यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांनी कृतार्थ होऊन चष्मा पुसला आणि पुढच्या रविवारी आणखी चार मागवतो म्हणाले. मी म्हटलं, बाळंतिणीला विचारून सांगतो, आणि पेडगावला जाणाऱ्या गार्डाबरोबर निरोप धाडला.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. गार्डानं ते आख्ख्या ऑफिसासमोर, सुभद्रेच्याच शब्दांत सांगितलं: "शेवंड कशाला? पुढचे चार रविवार तुमीच पूर्णेला ऱ्हावा, तेवढ्यानं भागंल."

मी राहिलो. पाचव्या रविवारी गेलो तेव्हा पोरीनं चांगलं बाळसं धरलं होतं आणि सुभद्रेच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. लेकीच्या वाढीला एवढा मोठा हातभार आमच्या घराण्यात आजवर कुठल्याही बापानं लावलेला नाही.