आपली नदी, आमचा डोंगर

आमच्या शेजारची बाई रोज कोर्टात जाऊन चोऱ्या करायची, मारामाऱ्या करायची, अधूनमधून घटस्फोटही घ्यायची, आणि सहाच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात येऊन चहा प्यायची. ती दुभाषी होती. डोंगरातल्या लोकांची भाषा तिच्या आईची, कोर्टाची भाषा शाळेत शिकलेली. साक्षीदार "मी मारलं" म्हणाला की तिनंही "मी मारलं" असंच म्हणायचं. "तो म्हणतो की" लावायचं नाही, असा नियम. म्हणून सासूबाईंनी तिचं नाव मैना ठेवलं होतं.

"काय गं मैने, आज किती गुन्हे केलेस?"

"दोनच, आई. आणि एका नवऱ्याला सोडलं."

"बरं केलंस. मला नाही जमलं." वर्तमानपत्राआडून सासरे खाकरत.

स्वतःसाठी मात्र तिला कोर्टात 'मी' म्हणता येत नसे. घसा सुकला तरी "दुभाष्याला पाणी हवं आहे" असं म्हणावं लागे. 'मी' म्हटलं तर ते साक्षीदाराच्या नावावर जाणार! मला याची फार गंमत वाटायची.

आम्ही त्या मुलखात बाहेरून आलेलो; मराठी ती आमच्या ओट्यापाशी शिकली. इमारतीतल्या आणखी दोघीतिघींनी हौसेनं शिकून पाहिलं, पण सगळ्या 'आम्ही' आणि 'आपण'पाशी आडव्या झाल्या. एकीनं नवऱ्याची ओळख "हे आपले मिस्टर" अशी करून दिली तेव्हा सासूबाईंना ठसकाच लागला. मैना तिथं एकदाही चुकली नाही. कसं काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "वहिनी, आमच्या भाषेतही दोन शब्द आहेत. समोरच्याला धरून एक, वगळून एक. कोर्टाच्या भाषेत बिचाऱ्यांना एकच."

त्या डोंगरातल्या लोकांचा तेव्हा सरकारशी खटला चालू होता. एकशे चाळीस वर्षांपूर्वी सरकारनं त्यांच्याशी करार केला होता. एकाच कागदावर दोन रकाने, डावीकडे त्यांची भाषा आणि उजवीकडे सरकारची. उजवीकडे नदीच्या आधी जो शब्द होता, तोच डोंगराच्या आधी. सरकारचं म्हणणं, दोन्ही दोघांचं. तेव्हा डोंगर फोडून दगड न्यायची परवानगी द्यायला सरकारही मालकच. खालच्या कोर्टात डावा रकाना मैनानंच कोर्टाच्या भाषेत वाचून दाखवला होता, आणि निकाल सरकारच्या बाजूनं लागला होता. आता वरच्या कोर्टात अपील होतं. तिथंही दुभाषी तीच.

एका शनिवारी वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांनी आमच्या दारात बुटांचा ढीग केला. सासूबाई बाहेर गेल्या आणि त्यांचा आवाज आत आला, "जिना आपला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उंबरठा आमचा!"

मैनाचा कप ओठांपाशी तसाच राहिला.

"वहिनी," ती म्हणाली, "मी काय करून बसले."

माझ्या वाणसामानाच्या यादीमागे तिनं कराराची ती ओळ लिहिली. दोन शब्दांखाली रेघ मारली. "हे बघा. नदीला 'आपली' आहे. डोंगराला 'आमचा'. कोर्टाच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. वाचता वाचता मी दोन्हीकडे तोच म्हणून गेले. वीस वर्षं तेच करतेय, जीभ आपोआप तिकडे वळते."

"मग सांग ना कोर्टाला."

"शपथेवर केलेलं भाषांतर चुकलं म्हणून? दुभाष्यांच्या यादीतून नाव जाईल. मला दुसरं येतं काय? शिवाय म्हणतील, हरल्यावर आपल्या माणसांसाठी अर्थ फिरवते."

सासूबाई आत येऊन ऐकत उभ्या होत्या. तिच्या हातातला गार झालेला चहा त्यांनी घेतला, ओतून टाकला, नवा टाकला. "सुनावणी कधी आहे?"

"गुरुवारी."

"आम्ही दोघी येतोय."

कोर्टाची ती खोली मी कल्पना केली होती त्याहून लहान निघाली. वर पंखा, भिंतीला ओल, साक्षीदाराच्या कठड्याचं पॉलिश हातांनी झिजलेलं. डोंगरातल्या एक म्हाताऱ्या आजी साक्षीला आल्या होत्या, पाठ वाकलेली आणि नजर मात्र सरळ. शेजारी स्टुलावर मैना. तिच्या हातात कराराची प्रत दिली आणि डावा रकाना वाचायला सांगितलं.

ती नदीपर्यंत आली. थांबली.

"पुढे वाचा," न्यायाधीश म्हणाले.

"दुभाष्याकडून खालच्या कोर्टात चूक झाली आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हे कोण बोलतंय? साक्षीदार?"

"नाही, साहेब." ती स्टुलावरून उठून उभी राहिली. "मी."

सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

सरकारी वकील उठलेच. "दुभाषी त्याच जमातीच्या आहेत, साहेब. हा फरक आजच कसा सापडला?"

"प्रश्न बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले. मग ते आजींकडे वळले. "आजी, तुमच्या घरातली चूल कोणाची?"

मैनानं विचारलं. आजींनी एक शब्द उच्चारला. न्यायाधीशांनी तो जसा ऐकला तसा कागदावर लिहिला.

"ही खोली कोणाची, जिथं आत्ता तुम्ही आणि मी बसलोय?"

दुसरा शब्द. तोही लिहिला.

"आणि ही माझी खुर्ची?"

आजी बराच वेळ बोलल्या. मैनाला हसू आवरेना. "ती तुमची. मला देऊ नका, माझी कंबर दुखते."

खोली हसली. न्यायाधीश हसले नाहीत. "नदी?" आजींनी खोलीचा शब्द म्हटला. "डोंगर?" चुलीचा.

त्यांनी आजींना बाहेर बसवलं आणि त्यांच्या भावाला आत बोलावलं. याला आत काय झालं ते ठाऊक नव्हतं. तेच प्रश्न, उलटसुलट क्रमानं. तेच दोन शब्द, त्याच जागी. एवढासा शब्द, तोंडात धरला तर जिभेखाली मावेल, आणि त्याच्यावर अख्खा डोंगर एकशे चाळीस वर्षं उभा होता. कोणी ऐकलंच नव्हतं.

निकाल चार महिन्यांनी आला. करारात शंका निघाली तर दुबळ्या बाजूला तो जसा समजला होता तसाच वाचायचा, असा जुना नियम आहे, असं त्यात लिहिलं होतं. डोंगराला हात लावायचा नाही. ते दोन शब्द निकालपत्रात डोंगरातल्यांच्या लिपीत छापले होते, कारण कोर्टाच्या भाषेत ते बसेनात. त्याच आठवड्यात मैनालाही पत्र आलं. चुकीबद्दल एक वर्ष नाव यादीतून बाहेर.

"म्हणजे वर्षभर एकही गुन्हा नाही," सासूबाई म्हणाल्या. "जमेल का गं?"

"सवय मोडायला वेळ लागेल, आई."

ती डोळे पुसत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

पुढं एकदा ती आम्हाला डोंगराकडे घेऊन गेली. बस सोडून तासभर चाललो. वळणावर तो एकदम समोर आला. निळसर, गप्प, इतका मोठा की मान मागे टाकूनही माथा दिसेना. माझ्या तोंडून निघालं, "किती सुंदर आहे गं आपला डोंगर."

"आमचा, वहिनी," मैना म्हणाली. अगदी प्रेमानं म्हणाली, पण सूट दिली नाही. मग खाली बोट दाखवलं, जिथं पाणी चकाकत होतं. "आपली ती."

सासूबाई तोवर तिकडे निघाल्याही होत्या, चपला हातात घेऊन.