बावदिलियाचं घर ओढलं तेव्हा

बावदिलिया चिगुआय आमच्या गावात कुणालाच आवडत नव्हती, आणि तिलाही गाव आवडत नव्हतं. सदुसष्ट वर्षांची, हाडापेराने मजबूत, ओहोटीच्या वेळी गुडघाभर गार पाण्यात उभी राहून समुद्रशेवाळ गोळा करणारी बाई. तिचा नवरा ऐन तिशीत अर्जेंटिनात मेंढ्यांची लोकर कातरायला गेला, तो गेलाच. त्याचं नाव कुणी काढलं की ती म्हणायची, "गेला ते बरं झालं. बटाटे तेवढे वाचले." चिलीतल्या आमच्या चिलोए बेटावर असे गेलेले नवरे ढीगभर, त्यामुळे कुणी खोदून विचारत नसे.

वैर पेटलं ते विषारी पाण्याच्या वर्षी. शिंपले खायचे नाहीत, विकायचे नाहीत, असा हुकूम आला आणि भरपाईसाठी गावाने अठरा दिवस रस्ता अडवला. सतराव्या दिवशी बावदिलिया पोलीस चौकीत शिरताना दिसली. अठराव्या दिवशी पोलिसांनी चौघांना घरातून उचललं. त्यांत माझे बाबा, एलेउतेरिओ बारिया. बस्स, बावदिलिया फितूर ठरली. तिने "मी नाही" एवढंसुद्धा म्हटलं नाही.

सात वर्षांत समुद्राने तिच्या घराखालचा कडा खात खात आणला. शेवटी घर आणि कडा यांच्यात तीन पावलं उरली. आमच्याकडे घर हलवायचं तर पाडत नाहीत. खाली ओंडके सारतात, बैलजोड्या जुंपतात आणि अख्खं घर खिडक्यांसकट ओढून नेतात. पण ज्याचं घर, त्याने स्वतः प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जाऊन, उभं राहून विनवणी करायची. आत येऊन विनवणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. घर जागेवर पोचलं की त्याने ओढणाऱ्यांना पोटभर जेवू घालायचं. जेवण झालं की कुणाचे कुणावर उपकार राहत नाहीत.

"मग जा की विनवायला," मी तिला म्हटलं.

"आणि दार उघडलंच नाही तर?"

एवढं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मी तेव्हा गावच्या दवाखान्यात मदतनीस होते आणि कथनोपचार शिकत होते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सगळा पडद्यावर. शिक्षक ऑस्ट्रेलियातले, विद्यार्थी नऊ देशांचे. लोकांनी माणसाला एक गोष्ट चिकटवलेली असते, ती सोडवायची आणि त्याची त्याला दुसरी सापडू द्यायची, असं ते शास्त्र. मला त्याचं भारी वेड लागलं होतं. घरात आईबापाचं एक वाक्य पुरतं न ऐकणारी मी, ऐकण्यात तरबेज होणार होते! सरावासाठी मी बावदिलियाला धरलं. चार महिने दर मंगळवारी जायची. ती बटाटे सोलायची आणि मला सोलायची.

"तुला माझी गोष्ट पाहिजे. मला बैल पाहिजेत. आहेत तुझ्याकडे?"

एका मंगळवारी मात्र ती बोलली. नवरा ज्या तारखेला गेला, त्या तारखेला ती दरवर्षी चौकीत जाऊन विचारते, त्याचं नाव कुठे कागदावर आलंय का, जिवंतांत किंवा मेलेल्यांत. चौतीस वर्षं. रस्ता अडवल्याचा सतरावा दिवस म्हणजे नेमकी ती तारीख.

"हे लोकांना सांगू या?" मी विचारलं.

"तुला काय करायचं ते कर," ती म्हणाली आणि सालं कोंबड्यांपुढे फेकली.

आमच्या बेटावर याचा अर्थ एकच होतो: खबरदार. मी इथेच जन्मले, मला हे कळायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात वर्गातली ब्राझीलची मुलगी सांगत होती, त्यांच्या वस्तीत अशा माणसाची गोष्ट पत्रात लिहून सगळ्यांसमोर वाचतात, बायका रडतात, एकमेकींच्या गळ्यात पडतात. मी पत्र लिहिलं. शिक्षकांनी फार वाखाणलं. मग त्याच्या बावीस प्रती काढून मी बावीस दारांखालून सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी गाव मऊ झालं. काल थुंकणाऱ्या बायका पाव घेऊन तिच्याकडे निघाल्या. "बिचारी! चौतीस वर्षं वाट बघतेय!" पुरुषांनी निरोप धाडला, विनवायला नको, शनिवारी बैल घेऊन येतोच. मी हवेत तरंगत होते.

बावदिलिया दवाखान्यात आली ती पत्र मुठीत चुरगाळून. रांगेतल्या सगळ्यांसमोर.

"हे तू लिहिलंस?"

"बाई, तुमचं नाव साफ व्हावं म्हणून मी..."

"फितूर म्हणत होते तेव्हा घाबरत तरी होते मला! आता डोक्यावरून हात फिरवतायत. चौतीस वर्षं झाकलेलं तू दारादारांखालून सरकवलंस, पोरी. मला गावाची बिचारी केलीस."

"पण घर ओढणार आहेत ना..."

"भीक म्हणून? त्यापेक्षा जाऊ दे समुद्रात."

पण तिने घर समुद्रात जाऊ दिलं नाही. पुढचे तीन दिवस ती दारोदार फिरली. आमच्याकडेही आली. बाबा चुलीशी बसले होते.

"एलेउतेरिओ बारिया, माझी विनवणी आहे. घर ओढायला तुमची जोडी द्या."

"ठरलंय की ते. निरोप धाडला होता."

"ते तुम्ही ठरवलंत. मी आत्ता विनवतेय."

बाबांनी चुलीत एक लाकूड सारलं. "येतो," एवढंच म्हणाले. माझ्याकडे न बघता ती निघून गेली.

शनिवारी अकरा जोड्या जुंपल्या. ओरडा, शिव्या, चिखल. दुपारपर्यंत घर टेकाडावर चढलं, एक काच तेवढी फुटली. तिने दोन दिवस राबून डुकराचं मांस, शिंपले, बटाट्याच्या जाड भाकऱ्यांसारखे मिलकाव असं रांधलं होतं. पण पुढे कुणी होईना.

"नको बाई, तुम्हालाच राहू द्या."

"एकटा जीव तुमचा, एवढं कशाला केलंत!"

सगळे गोड आवाजात बोलत होते. बावदिलिया पळी घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. तिचं घर फुकट ओढून, उपकार तिच्या माथी ठेवून जाणार होते ते. मला राहवेना, मी पुढे होऊन ताटली घेतली. तिने ती माझ्या हातातून हिसकावली.

"तू काय ओढलंस?"

मी मागे सरले. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी एक मिलकाव उचलला, तोंडात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कच्चा आहे."

माणसं वळून बघू लागली.

"दात पडलेल्याला कच्चाच लागणार," बावदिलिया म्हणाली.

"आणि पत्र वाचलं मी. नावं तूच दिलीस, असं मला अजून वाटतं."

"मग गिळतोस कशाला?"

"माझ्या बैलांनी ओढलंय म्हणून. वाढ."

तिने मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्या ताटलीत असा आदळला की रस्सा सदऱ्यावर उडाला. मग कुणीतरी म्हणालं, मीठ कमी दिसतंय, बघू तरी. एकेकाने ताटली घेतली. कुणी मांस चिवट म्हणालं, कुणी सफरचंदाची दारू आंबली म्हणालं, आणि ती प्रत्येकाचा उद्धार करत वाढत सुटली. तिच्या गालांवर रंग आला होता.

मी कुंपणाशी उपाशी उभी होते. मला कुणी बोलावलं नाही. बाबांनीसुद्धा ताटलीतून मान वर केली नाही.