गोजराआत्याचं पूर्ण नाव

जेवण झाल्यावर पाचच मिनिटं पाठ टेकावी म्हणून हेमलता माहेरच्या बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर आडवी होते, तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात. चार वाजता गावच्या शाळेत तिचं भाषण आहे. ती शहराच्या पालिकेत उद्यान अधीक्षक आहे आणि हेडमास्तरांनी विषय दिलाय, ‘बागकामाच्या आवडीतून करिअर’. हे भाषण ती आजवर चार ठिकाणी करून चुकली आहे. पहिलं वाक्य तर झोपेतसुद्धा म्हणता येईल: ‘माझ्या वडिलांनी लहानपणीच माझ्यात झाडांची आवड रुजवली.’ ते वडील, शहाऐंशी वर्षांचे अण्णा गुरुजी, आज पहिल्या रांगेत बसणार आहेत आणि त्यासाठी सकाळपासून कडक धोतर नेसून ओट्यावर तयार आहेत. हेमलता डोळे मिटून वाक्य मनात घोळवते. पंखा कुरकुरतो. वडिलांनी, लहानपणीच, झाडांची...

‘इस्तरीची साडी नेसून लोळत्यास व्हय गं?’

कॉटच्या कडेला गोजराआत्या बसलेली आहे. अण्णांची थोरली बहीण. जाऊन अकरा वर्षं झाली, पण नाकावरचा राग जिथल्या तिथे आहे. हेमलताला नवल वाटत नाही, नुसता वैताग येतो. आत्या होती तेव्हाही या घरात दुपारची झोप कुणाला मिळाली नव्हती.

‘आत्या, पाच मिनिटं पडू दे ना. भाषण आहे मला.’

‘त्येच ऐकाय आलीया. म्हण बघू.’

हेमलता म्हणते. वडिलांनी, लहानपणीच, आवड रुजवली. आत्या कपाळावर हात मारून घेते.

‘कुणी? तुझ्या बापानं? म्हादूनं? आगं, त्यानं जन्मात येक भेंडी लावली न्हाई. दोडक्याचा येल कुठला आन् काकडीचा कुठला, ह्ये आजून वळखाय येत न्हाई त्येला!’

‘भाषणात असंच म्हणायची पद्धत असते.’

‘आन् आवड कसली? आईनं धुणं सांगितलं का तू माझ्या परड्यात पळून यायचीस. कामचुकार हुतीस तू, हेमे.’

‘हे मी शाळेतल्या पोरांना सांगू?’

‘सांग की. निम्मी पोरं खूश हुतील.’

कुणी उठत नाही, तरी दोघी परड्यात आहेत. घरामागची ती लांबट जागा, कडेला दोडक्याचा मांडव, मध्ये वांगी. हेमलताच्या हातात आंघोळीच्या पाण्याची बादली आहे आणि अंगावर तीच इस्त्रीची साडी आहे. ‘मुळाशी वत, बुडख्यावर नगं. किती येळा सांगायचं?’ आत्या खेकसते. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हाताखाली चाळीस माळी असलेली बाई, मुकाट्यानं बादली तिरपी करते. आणि मग स्वतःचीच चीड येऊन म्हणते, ‘कळतं मला आता!’

‘कळतंय तर त्या वांग्याचं पान पिवळं का पडलं, सांग.’

हेमलता वाकते आणि पान उलटं करते.

पान टेबलावर आहे. टेबलापलीकडे तीन साहेब बसलेत, आणि हा तिच्या नोकरीचा इंटरव्ह्यू आहे, बत्तीस वर्षांपूर्वीचा, जसा झाला तसाच. समोर एक रोगट पान ठेवलं होतं. आधीचे अकरा उमेदवार म्हणे ते वरूनच न्याहाळत बसले. हेमलतानं पहिल्यांदा ते उलटं केलं, खाली कोळी ही बारीक कीड दिसली आणि नोकरी लागली. साहेब आताही तेच विचारतात, ‘पान उलटं करून बघायला कुणी शिकवलं?’

हेमलता तोंड उघडते आणि ऐकते तर स्वतःचाच आवाज म्हणत असतो, ‘माझ्या वडिलांनी.’

‘घ्या! झालं!’ दाराशी शिपायाच्या स्टुलावर बसलेली आत्या म्हणते.

आता मात्र हेमलताचं डोकं फिरतं. साहेबांसमोरच ती ओरडते, ‘मग काय करायला हवं होतं मी? तुझंच नाव सांगितलं होतं! माझ्यावर लिहायला वर्तमानपत्रवाला आला तेव्हा पहिल्यांदा तुझंच नाव तोंडात आलं. तो म्हणाला, पूर्ण नाव सांगा. आता तुझं पूर्ण नाव काय, ते तूच सांग!’

खरी गोष्ट होती ती. आत्या नांदायला गेली आणि नवव्या महिन्यात परत आली. नवऱ्यानं दुसरी केली. पुढची साठ-पासष्ट वर्षं आत्या माहेरच्याच घरात राहिली. रेशन कार्डावर तिला नवऱ्याचं आडनाव, मतदार यादीत वडिलांचं. गेली तेव्हा फोटोखाली काय लिहायचं यावर घरात दोन दिवस खल झाला आणि शेवटी नुसताच फोटो लागला. त्या दिवशी वर्तमानपत्रवाल्यासमोर हेमलतानं अण्णांकडे बघितलं. अण्णा खाकरले आणि म्हणाले, ‘राहू दे ते. माझंच घाला.’ ते छापून आलं. मग पुढच्या प्रत्येक भाषणात तेच येत गेलं, आणि हळूहळू अण्णांनाही वाटायला लागलं की आपणच पोरीला बोटाला धरून परड्यात न्यायचो.

‘म्हंजी आडनावापायी माझं आख्खं परडं म्हादूच्या नावावर केलंस?’ आत्या विचारते.

हेमलता टेबलाकडे वळते, तर साहेब उठून गेलेत. हा आता शाळेचा हॉल आहे आणि ओळीनं मांडलेल्या खुर्च्यांच्या पायांवरून दोडक्याचे वेल चढलेत. माणसं कुणीच नाहीत, पहिल्या रांगेत अण्णा तेवढे मान टाकून झोपलेत. आत्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन एकेक वेल खुर्चीला बांधत चाललीय, आणि हेमलता तिच्या मागं मागं.

‘मग कुठलं लावू, ते तरी सांग. सासरचं?’

‘त्या घरचं पाणीसुदीक नगं.’

‘मग माहेरचं लावते. ढवळे.’

‘लाव की. ह्याच घरानं दोनदा परत धाडलं हुतं मला. तिसऱ्यांदा आले तवा परड्याकडच्या दारानं आत घेतलं. म्हणून तर परड्यातच ऱ्हायले.’ आत्या हे वांग्याचा भाव सांगावा तसं सांगते, मागं वळूनही न बघता.

हेमलतानं हे आईकडून अर्धवट ऐकलेलं आहे, पण आत्याच्या तोंडून कधीच नाही. तिला एकदम रडू फुटतं. ‘मग तुला म्हणू तरी काय मी? रोज आठवण येते गं तुझी. बागेत फिरताना प्रत्येक झाडापाशी येते. आणि माईकसमोर उभी राहिले की तुला गिळून टाकते. मला लाज वाटते, आत्या.’

‘रडू नगंस, येडे. पावडर उतरंल.’

आत्या जवळ येते, हेमलताचा पदर ओढून घेते आणि त्याच्या टोकाला गाठ मारायला लागते.

‘अगं, साडी चुरगळेल!’

‘चुरगळू दे. विसरभोळी हाईस तू. आन् बघून ठेव, तुला कवाच जमली न्हाई ही. आत बोट जाईल येवढी जागा सोडायची. न्हाईतर येल वाढतो आन् आपल्याच गाठीत आवळून मरतो. कळलं का?’

‘कळलं. पण नावाचं काय?’

‘मला काय इचारतीस? ज्येनं दार उघडलं त्येला इचार.’

‘कुणी उघडलं?’

‘हेमे,’ आत्या म्हणते, पण आवाज अण्णांचा आहे. ‘हेमे, उठ. गाडी आलीय शाळेची.’

पावणेचार वाजलेत. पंखा कुरकुरतोय, बाहेर गाडी हॉर्न वाजवतेय, आणि कॉटशी काठी टेकून अण्णा उभे आहेत. हेमलता धडपडून उठते, पदर सारखा करायला जाते आणि हाताला गाठ लागते.

ती गाठ ओढून बघते. गाठ आवळत नाही. आत करंगळी सहज जाते. अशी गाठ हेमलताला आयुष्यात मारता आली नाही, तिचे चाळीस माळीही सुतळीला साधीच गाठ मारतात. घरात ती आणि अण्णा, दोघंच आहेत.

अण्णा चष्मा सारखा करून वाकतात. गाठीवरून अंगठा फिरवतात. ‘ही कुणी मारली?’

हेमलता पदराचं टोक मुठीत धरते. ती विचारते, ‘अण्णा, आत्याला घरात कुणी घेतलं होतं? तिसऱ्यांदा आली तेव्हा?’

हॉर्न पुन्हा वाजतो. अण्णा कॉटवर तिच्या शेजारी बसतात. धोतराची घडी मोडते, त्यांच्या लक्षात येत नाही.

‘बाबांनी पुढचं दार लावून घेतलं होतं,’ ते म्हणतात. ‘मी बारा वर्षांचा होतो. मागून जाऊन परड्याची कडी मी काढली. मार खाल्ला त्यासाठी. हे तुला कुणी सांगितलं?’

‘मला आज तिचं नाव घ्यायचंय. कसं घेऊ ते सांगा. कुठलं आडनाव लावू?’

अण्णा चष्मा काढून धोतराला पुसतात. हेमलताला वाटतं, आता खाकरतील आणि ‘राहू दे ते’ म्हणतील, आणि आज आपण ऐकणार नाही. अण्णा खाकरतात. तिच्या पदराचं टोक हातात घेतात, पण गाठ सोडत नाहीत.

‘आडनाव नको,’ ते म्हणतात. ‘नुसतं गोजरा म्हण. कोण गोजरा, असं कुणाच्या तोंडावर दिसलं, तर माझ्याकडे बोट दाखव. म्हण, ते पुढं बसलेत ना, ते गोजराचे भाऊ.’