पंख माझ्यामुळे मोडला, सलीमभाईंच्या टेपमुळे नाही

मंडळी, सकाळी मी इथे माझ्या विमानाचा व्हिडिओ टाकला होता. जाहिरातीच्या जुन्या प्लास्टिक बोर्डातून मी आणि सलीमभाईंनी मिळून बनवलेलं, रिमोटवर उडणारं हलकं विमान. कापणं माझं, टेप लावणं त्यांचं. दिग्रसच्या मैदानावर पहिल्याच कोलांटीत त्याचा पंख दुमडला आणि ते नाकावर आपटलं. खाली मी लिहिलं, "सलीमभाईंच्या टेपची कृपा!" तुम्ही सारे पोट धरून हसले.

मैदानातही मी सलीमभाईंवर सर्वांदेखत ओरडलो होतो, "एक टेप धड लावता येत नाही तुम्हाले?"

ते एवढंच म्हणाले, "चुकलं असंन भाऊ. संध्याकाळी नवी टेप घेऊन येतो, पुन्हा बनवू."

दुपारी तुकडे जुळवायला बसलो. टेप जशीच्या तशी होती. मोडलं होतं प्लास्टिक, तेही एका सरळ रेषेत. या बोर्डाच्या आत बारीक नळ्या असतात. त्या पंखाच्या लांबीला धरून असल्या तरच पंख ताठ राहतो. बोर्डावरचा लाल पट्टा पंखावर झोकात दिसावा म्हणून मीच बोर्ड नळ्यांना आडवा कापला होता.

बायको म्हणाली, "मंग त्यांले सांगा ना. माह्याकडं काय पाह्यता?"

सकाळची पोस्ट काढून टाकणार होतो. पण मग तुमच्या मनात सलीमभाईच चुकलेले राहिले असते. म्हणून ती तशीच ठेवली. आता हसायचं ते माझ्यावर हसा.

दारात त्यांची गाडी थांबली. हातात नवी टेप आहे. सांगा मंडळी, पहिलं वाक्य काय बोलू?