हा आमचा चिकू नाही

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, अपघातानंतर रस्त्यावरून माणसे उचलली. तरी कोणी जुने प्रकरण सांगा म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर आधी उभी राहते ती एका कुत्र्याची तक्रार. निवृत्तीला थोडाच अवधी उरला होता आणि मी मिरा रोडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. माणसांची नावे सांगणार नाही. कुत्र्याचे नाव सांगायला हरकत नसावी.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर पंचेचाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. जवळच्याच सिल्व्हर पार्क भागात राहणाऱ्या, दादरहून इकडे फ्लॅट घेऊन आलेले कुटुंब, खाजगी कंपनीत नोकरी. पायाशी शिट्झू जातीचा छोटा पांढरा-तपकिरी कुत्रा, अंगावरचे केस पार कातडीपर्यंत उतरवलेले. बाई म्हणाल्या, "हा आमचा चिकू नाही. पार्लरवाल्याने दुसराच कुत्रा दिलाय."

मागच्या बाकावरचे दोन शिपाई हसले. अंमलदाराने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. बाईंना ते हसू ऐकू गेले होते, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. खोटी तक्रार घेऊन आलेला माणूस अशा वेळी आवाज चढवतो. मी त्यांना केबिनमध्ये बसवले.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. घरात सासरे होते. पक्षाघातानंतर त्यांची वाचा गेली होती. दिवसभर घरात ते आणि चिकू, दोघेच. चिकूची जागा त्यांच्या मांडीवर. उन्हाळा सुरू झाला म्हणून बाईंनी त्याला जवळच्या एका पार्लरमध्ये आंघोळ आणि केस कापायला दिले. संध्याकाळी आणायला गेल्या तर, केसांत गाठी झाल्यात, सगळे काढावे लागतील, उद्या या, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी हा कुत्रा मिळाला, जुना पट्टा हरवला म्हणून गळ्यात नवा.

घरी आल्यावर सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. मांडीवरून त्याला खाली उतरवले आणि दाराकडे बोट दाखवू लागले. रात्रीचे जेवणही हाताने दूर सारले. पार्लरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला की केस काढले की कुत्री काही दिवस परक्यासारखी वागतात.

"आधी मीही बाबांवरच चिडले," बाई म्हणाल्या. "वाटलं, त्यांना आता ओळखू येत नाही. मग बघितलं तर याला आपलं पाण्याचं भांडं कुठे आहे तेच माहीत नाही. चिकूचे खालचे पुढचे दोन दात मागे काढले होते. काल रात्री याचं तोंड उघडून बघितलं. सगळे दात आहेत."

मी एका उपनिरीक्षकाला बाई आणि कुत्र्यासोबत त्यांच्या नेहमीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी जबडा तपासला आणि स्वच्छ सांगितले की चिकूचे दात त्यांनी स्वतः काढले होते, मोठ्या कुत्र्याला ते पुन्हा येत नाहीत, हा प्राणी वेगळा आहे. उपनिरीक्षक परत आला तेव्हा सकाळी हसलेल्यांपैकी एका शिपायाने कुत्र्यासाठी पाणी आणून ठेवले. फसवणुकीचा गुन्हा दाखल करून घेतला.

पार्लर मी स्वतः पाहिले. पुढे काच, फिकट गुलाबी भिंती, डोक्याला रिबिनी बांधलेल्या कुत्र्यांचे फोटो, फ्रेममध्ये लावलेले कुठल्यातरी कोर्सचे प्रमाणपत्र. मागे एक खोली, तिचे दार बंद. दारावर पाटी, कुत्र्यांच्या मालकांनी आत येऊ नये, प्राणी बिथरतात. आत टब, टेबल आणि गरम हवेचा ड्रायर जोडलेला पिंजरा. त्या खोलीला खिडकी नव्हती. कॅमेरा होता तो पुढे, ग्राहकांवर रोखलेला.

पार्लरचा चालक तिशीतला, बोलायला गोड, निम्मे हिंदी, निम्मे मराठी. ठाण्यात बोलावल्यावर वेळेवर आला. मॅडमचा गैरसमज झालाय, असा धोशा त्याने लावला. "सर, बाल उतर गये ना, तर घरचे लोक पण ओळखत नाहीत." कुत्रा मी मुद्दाम मागवून घेतला होता आणि तो माझ्या टेबलाशेजारीच बांधलेला होता. खरोखर निर्दोष माणूस आधी त्या कुत्र्याजवळ गेला असता, त्याला निरखले असते, बघा हाच तो, असे म्हणाला असता. या माणसाने त्याच्याकडे एकदाही वळून पाहिले नाही. पण एवढ्यावर न्यायालयात काही उभे राहत नाही. दात कसे आले, या प्रश्नावर डॉक्टर विसरले असतील असे उत्तर देऊन तो निघून गेला.

पोलीस पार्लरमध्ये येऊन गेले ही बातमी मात्र फिरली होती. पुढच्या आठवड्यात उत्तन भागातला आमच्या ओळखीचा एक हवालदार तिथल्याच पाली गावातल्या एका बाईंना घेऊन आला. ख्रिश्चन कोळी कुटुंबातल्या. नवरा बोटीवर, आणि त्या काही महिने या पार्लरमध्ये कुत्र्यांना आंघोळ घालायच्या कामाला होत्या. चिकूच्या प्रकारानंतर त्यांनी काम सोडले होते. महिला अंमलदाराने त्यांना पाणी दिले. 

"तो मेला, सायेब," त्या म्हणाल्या. "त्याला पिंजऱ्यात मशीन लावून ठेवला आनि हा फोनवर बोलत भायेर गेला. मी टबावर दुसऱ्याला धूत व्हते. पयला भुंकला, मंग आवाज आला न्हाय. मला वाटला, झोपला."

पिंजरा उघडला तेव्हा कुत्रा तापलेल्या तव्यासारखा लागत होता, असे त्यांनी जबाबात सांगितले. डॉक्टरकडे नेऊ या, असे त्या म्हणाल्या. चालकाने पिंजऱ्यावर कापड टाकले आणि त्यांना घरी जायला सांगितले. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या तेव्हा टेबलावर तसाच एक कुत्रा उभा होता आणि त्याचे केस उतरवले जात होते.

आम्ही चालकाला ताब्यात घेतले. हा जबाब त्याच्यासमोर ठेवला. त्यावर तो जे बोलला ते मला आजही त्याच्या आवाजासकट ऐकू येते.

"सर, मी भरपाई केली ना. कुत्रा गेला, कुत्रा दिला. अच्छा वाला दिला. पहिलेवाल्यांनी तर काही कम्प्लेंटच केली नाही."

खोलीत मी आणि उपनिरीक्षक दोघेच होतो.  मी विचारले, "पहिलेवाले कोण?"

आपण काय बोलून बसलो हे त्याच्या तेव्हा लक्षात आले. पण एकदा गाठ सुटली की असा माणूस सगळे सांगून मोकळा होतो. आधीच्या वर्षी भाईंदरच्या एका कुटुंबाचा कुत्रा असाच पिंजऱ्यात मेला होता. त्याने तो खाडीत टाकला आणि कुत्री विकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्याच जातीचा, त्याच वयाचा कुत्रा आणून, केस उतरवून परत दिला. त्या घरात कोणाला कळलेच नाही. म्हणून दुसऱ्या वेळी त्याला भीती वाटली नाही. हे सांगताना तो घाबरलेला नव्हता, शरमलेलाही नव्हता. मी त्याच्याकडून त्या कुटुंबाचा पत्ता लिहून घेतला. 

चिकूला त्याने भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या पडीक मिठागराच्या कडेला पुरले होते. दोन पंच आणि सरकारी पशुवैद्य यांना घेऊन आम्ही गेलो, चालकाने जागा दाखवली, उकरून पंचनामा केला. मृत्यूचे नेमके कारण आता सांगता येणार नाही, असे पशुवैद्य म्हणाले, पण जबड्यातली दोन दातांची रिकामी जागा स्पष्ट होती. बाई थोड्या अंतरावर उभ्या होत्या. नको म्हटले तरी आल्या होत्या. गळ्यातला पट्टा पाहिला आणि हाच आमचा चिकू, असे त्यांनी पंचांना सांगितले. जो कुत्रा चिकू म्हणून त्यांना दिला होता, त्याचा ताबा न्यायालयाने पुढे त्यांच्याकडेच ठेवला. त्याला त्यांनी दुसरे नाव दिले. तो आता सासऱ्यांच्या पलंगाखाली झोपतो, असे त्या शेवटच्या भेटीत म्हणाल्या. मांडीवर अजून घेतलेले नाही.

भाईंदरच्या घरी मला जायचे नव्हते. पण ते कुटुंबही फसवले गेले होते आणि त्यांचा जबाब हवा होता. साध्या कपड्यांत, एक महिला अंमलदार बरोबर घेऊन गेलो. दार उघडले आणि आधी तो कुत्रा बाहेर आला, मागून सहा-सात वर्षांची मुलगी. तिने नावाने हाक मारली, तसा तो शेपटी हलवत तिच्याकडे परत गेला. वडिलांना मी खाली, सोसायटीच्या जिन्यात बोलावले आणि सांगितले.

त्यांना आधी अर्थच लागला नाही. मग एकेक आठवू लागले. केसांचा रंग जरा बदलल्यासारखा वाटला होता, ते म्हणाले, शाम्पूमुळे असेल असे समजून सोडून दिले. नंतर विचारले, "आमचा कुठे आहे?" खाडीचे सांगितल्यावर ते वर घरी निघून गेले.

दोन दिवसांनी ते स्वतःहून ठाण्यात आले आणि जबाब दिला. सही करून झाल्यावर मी विचारले, घरी सांगितलेत का?

"बायकोला सांगितलं. मुलीला नाही," ते म्हणाले. "साहेब, ती अगदी लहान असतानाच्या गोष्टीही याच्याशीच बोलते. तुला आठवतं का, म्हणून विचारते."

दोषारोपपत्र दाखल झाले, पार्लर बंद झाले, खटला चालू आहे. तक्रार ऐकून हसू आले तरी ती शेवटपर्यंत ऐकायची, हे या प्रकरणाने माझ्या ठाण्यातल्या पोरांना शिकवले. मला शिकवले ते वेगळे. खून करणारा माणूस मेलेल्याचा निदान द्वेष तरी करत असतो. इथे द्वेष नव्हता, रागही नव्हता. एका जिवाच्या जागी दुसरा ठेवला की हिशोब मिटतो असे मनापासून मानणारा एक नीटनेटका, हसतमुख माणूस होता, आणि त्याच्या दुकानासमोर लोक रांग लावत होते.

आता आमच्या सोसायटीतले लोक मला कुत्र्यासाठी चांगले पार्लर विचारतात. मी नाव सांगत नाही. काम चालू असताना आत उभे राहू देतात का, ड्रायर लावल्यावर माणूस शेजारी थांबतो का, काही झाले तर कोणत्या डॉक्टरकडे नेणार, एवढे तोंडावर विचारा म्हणतो. विचारल्यावर ज्याला राग येईल, त्याच्या दारातून कुत्र्याला घेऊन तसेच घरी या. आत गेल्यावर तिथे काय झाले, हे तुमचा कुत्रा तुम्हाला कधीच सांगू शकणार नाही.